पैसे थोडे असतील तर ते बंदुकीत घाला: गेम बनवू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात तुमच्यातले कितीतरी जण रात्र रात्र अनरियल नाहीतर युनिटी, म्हणजे गेम बनवायची सॉफ्टवेअरं (इंजिनं), उघडून बसलेले असतात. माझा धाकटा चुलतभाऊ त्यांतलाच एक. गेल्या दिवाळीत फराळाची ताटं उचलायच्या आत त्यानं लॅपटॉप उघडला आणि स्वतः बनवत असलेला खेळ मला दाखवला. जंगल होतं, रात्र होती, पाऊस पडत होता. पानांवरून पाणी ओघळताना दिसत होतं आणि चिखलात पावलं उमटत होती. मी बंदूक उचलली आणि समोरून येणाऱ्या प्रेतावर गोळी झाडली. 'टक्' असा बारीकसा आवाज झाला आणि प्रेत आडवं झालं. गोळी लागली असं हाताला कळलंच नाही.

मी विचारलं, "पावसावर किती दिवस गेले?"

"चार महिने, दादा."

"आणि बंदुकीवर?"

"आठवडाभर. साठवलेले पैसे तिथवरच पुरले."

त्याच्या कष्टांची मला पूर्ण जाणीव आहे, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. पण तो प्रसंग मनातून जाईना. बोलायचं ते त्याच्या एकट्याशी बोलण्यासारखं नव्हतं, तुम्हा सगळ्यांशी होतं. म्हणून हे पत्र.

मी गेम बनवत नाही, खेळतो. २०१० पासून, इंजिनिअरिंगच्या होस्टेलच्या दिवसांपासून, एक खेळ मी पुन्हा पुन्हा खेळत आलो आहे. स्वस्तातला, दिसायला ओबडधोबड, झोंबी मारण्याचा. त्याच्यात काय उत्तम आहे आणि काय वाईट आहे हे मला तपशिलात सांगायचं आहे. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसानं ते कुठे घालावेत आणि कुठे हात आखडावा, हे मला त्या खेळाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

खेळाचं नाव किलिंग फ्लोर. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीनं तो १४ मे २००९ ला स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आणला. किंमत १९.९९ डॉलर. जेमतेम सहा महिने आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, व्हॉल्व कंपनीचा लेफ्ट फोर डेड बाजारात आला होता. त्याची किंमत पन्नास डॉलरच्या घरात होती. चार जणांनी मिळून झोंब्यांच्या गर्दीतून वाट काढायची, हा प्रकार त्यानं घरोघरी पोहोचवला होता. त्यात 'डायरेक्टर' नावाची एक यंत्रणा होती. खेळाडूंची दमछाक किती झाली आहे हे पाहून ती झोंबी कधी आणि किती सोडायचे ते ठरवायची. अशा खेळाच्या पाठोपाठ, त्याच जातीचा खेळ घेऊन एका लहान कंपनीनं उतरायचं म्हणजे धाडसच. त्यातही किलिंग फ्लोर उभा होता अनरियलच्या जुन्या, २.५ क्रमांकाच्या इंजिनवर. तिसऱ्या पिढीचं इंजिन तोवर बाजारात रुळलेलं होतं. चेहरे लाकडी, भिंतींचे रंग मळकट, नकाशे, म्हणजे खेळायच्या जागा, फक्त पाच: वेस्ट लंडन, मॅनर, फार्म, ऑफिसेस आणि बायोटिक्स लॅब. कथा म्हणाल तर लंडनमधली हॉर्झिन नावाची जैवतंत्रज्ञान कंपनी लष्करासाठी माणसांचे क्लोन बनवते, प्रयोग फसतो, क्लोन मोकाट सुटतात. बस्स, एवढीच. खरं तर ती प्रेतं नव्हेतच, प्रयोगशाळेत वाढवलेले जीव आहेत. खेळात त्यांना 'झेड' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हा खेळ मुळात विकण्यासाठी बनलेलाच नव्हता. अनरियल टूर्नामेंट २००४ या खेळावर ॲलेक्स क्विक आणि त्याच्या सोबत्यांनी २००५ मध्ये केलेला तो एक मॉड होता, म्हणजे दुसऱ्याच्या खेळात आपल्या बंदुका, आपले शत्रू, आपले नकाशे घालून केलेला फुकटचा खेळ. ट्रिपवायरचाही जन्म तसाच. रेड ऑर्केस्ट्रा हा त्यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा मॉड अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या 'मेक समथिंग अनरियल' स्पर्धेत पहिला आला, बक्षिसात इंजिन वापरण्याचा परवाना मिळाला आणि त्या परवान्यावर कंपनी उभी राहिली. २००६ मध्ये त्यांनी रेड ऑर्केस्ट्राचा विकाऊ खेळ काढला. खऱ्या बंदुकीचं वजन, तिची नेम धरण्याची पद्धत, गोळी भरताना होणारी हातांची हालचाल, या गोष्टींत त्यांचा हात त्या खेळावर बसला होता. किलिंग फ्लोर हाती घेतला तेव्हा त्यांनी नव्या इंजिनाच्या मागे न धावता घरात होतं तेच पीठ मळायला घेतलं.

आता बंदुकीकडे येतो.

किलिंग फ्लोरमध्ये पडद्याच्या मध्यभागी नेमाची फुली नाही. नेम धरायचा तर बंदूक डोळ्याशी आणून तिच्या माशीतून पाहायचं. एवढ्या एका निर्णयानं सगळा खेळ बदलतो. नेम धरला की आजूबाजूचं दिसेनासं होतं. नेम न धरता झाडलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. तुम्ही सतत या दोहोंच्या मध्ये अडकलेले असता आणि हा ताण निर्माण करायला नवं चित्र, नवा आवाज, नवा पैसा काहीच लागलेलं नाही. उलट एक गोष्ट काढून टाकली आहे.

जिथे खर्च करायचा तिथे मात्र हात सोडून केलेला आहे. लीव्हर ॲक्शन रायफलमध्ये एकेक काडतूस बोटानं आत सरकवावं लागतं. प्रत्येकाचा वेगळा 'खट्' ऐकू येतो. समोरून झेड येत असतो आणि तुम्ही मोजत असता: चार, पाच, सहा, आता पुरे, झाड! पंपाची शॉटगन छोट्या खोलीत उडवली की छाती हादरते. डोक्यात गोळी बसली तर डोकं उडतं, आणि डोकं उडालेला झेड आणखी दोन-चार पावलं तसाच चालत येतो. त्या दोन-चार पावलांनी मी पहिल्या रात्री खुर्चीतून उठलो होतो. गोळी झाडणं, ती लागणं, पुन्हा भरणं, ही तीन कामं या खेळात माणूस लाखो वेळा करतो. त्यांनी आपला पैसा या तीन कामांवर लावला. भिंतीकडे खेळाडू एकदा पाहतो. बंदूक पूर्ण वेळ त्याच्या डोळ्यांसमोर असते.

आंतरमहाविद्यालयीन एकांकिका ज्यांनी केल्या आहेत त्यांना हे मी समजावायला नको. सेटला पैसे नसतात तेव्हा आपण एक खुर्ची ठेवतो आणि सगळी मेहनत नटाच्या आवाजावर आणि प्रकाशावर घेतो. बघणाऱ्याला घर दिसतं.

दुसरी गोष्ट शत्रूंची. लेफ्ट फोर डेडच्या डायरेक्टरसारखी हुशार यंत्रणा बनवायची त्यांची ऐपत असो नसो, त्यांनी वेगळाच मार्ग घेतला. प्रत्येक झेडला एकच खोड दिली आणि ती खोड लांबून ओळखता येईल असं रूप आणि आवाज दिला. क्लॉट हळू चालतो, पण धरला की सोडत नाही. पाय हलत नाहीत आणि मागून बाकीचे पोहोचतात. गोरफास्टच्या हाताच्या जागी पातं आहे, जवळ आला की तो धावत सुटतो. क्रॉलर जमिनीलगत येतो, म्हणून नजर खाली ठेवावी लागते. स्टॉकर दिसतच नाही. ब्लोट फुगलेला, अंगावर पित्त ओकतो. सायरन किंचाळते तेव्हा तब्येत तर खालावतेच, शिवाय तुम्ही फेकलेला हातगोळा हवेतच निकामी होतो. स्क्रेकच्या हातात करवत, तिचा आवाज दोन खोल्या अलीकडे येतो. आणि फ्लेशपाउंड! त्याच्या छातीवरचा दिवा पिवळा असतो तोवर जीव मुठीत धरून त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. तो दिवा लाल झाला की संपलं.

यातला एकही शत्रू हुशार नाही. सगळे तुमच्याकडे सरळ चालत येतात. गंमत त्यांच्या मिसळण्यात आहे. एकटी सायरन सोपी, एकटा फ्लेशपाउंड हातगोळ्यांनी मरतो. पण दोघं एकत्र आले की सायरन ते गोळे निकामी करते, म्हणजे आधी तिला मारायला हवं, आणि ती फ्लेशपाउंडच्या पाठीमागे उभी आहे. आता काय कराल? हा प्रश्न उभा करायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागलेली नाही. दोन साध्या खोडी नीट विचार करून शेजारी ठेवल्या आहेत. तुमच्यातल्या ज्यांना प्रोग्रॅमिंगचा पैसा परवडत नाही त्यांनी एक संध्याकाळ केवळ हे पाहण्यासाठी हा खेळ खेळावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात जवळची, आणि ती माणसांची आहे.

जास्तीत जास्त सहा जण खेळतात. झेड लाटांनी येतात. चार, सात किंवा दहा लाटा आणि शेवटी पॅट्रिआर्क नावाचा सर्वांत ताकदवान शत्रू. दोन लाटांच्या मध्ये थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात दुकानदारणीपर्यंत धावत जाऊन बंदुका आणि गोळ्या घ्यायच्या. मारलेल्या झेडचे पैसे मिळतात, ब्रिटिश पौंडांत. आता पाहा. हे पैसे जमिनीवर टाकता येतात आणि दुसऱ्याला उचलता येतात. जखमेवरची सुई प्रत्येकाकडे असते, पण ती स्वतःला टोचली तर थोडाच आराम पडतो, सोबत्याला टोचली तर दुपटीहून जास्त. दार वेल्डिंग करून बंद करता येतं, पण ते करणाऱ्याची पाठ उघडी पडते, म्हणून कुणीतरी त्याच्या मागे उभं राहावं लागतं. बंदुकांना वजन आहे, सगळ्या एकट्याला नेता येत नाहीत, म्हणून कोण काय घेणार ते ठरवावं लागतं.

होस्टेलमध्ये आम्ही सहा जण होतो. स्टीमवर तेव्हा डॉलरचेच भाव असायचे, एका मित्राच्या मोठ्या भावाच्या कार्डावर सेलमध्ये एकेक प्रत घेतली. एकाचा लॅपटॉप इतका जुना होता की गर्दी झाली की चित्र अडखळायचं. त्याच्या हातून झेड मरायचे नाहीत, म्हणून पैसे मिळायचे नाहीत, म्हणून चांगली बंदूक मिळायची नाही. एका रात्री सातव्या लाटेआधी दुकानात आम्ही पाचही जणांनी न बोलता आपापले पैसे त्याच्या पायाशी टाकले. नोटांचा ढीग झाला. कुणी ठरवलं नव्हतं. त्यानं चांगली शॉटगन घेतली, आणि त्या लाटेत जिन्याच्या तोंडाशी तो एकटा उभा राहिला आणि आम्ही सगळे वाचलो. आज तो जर्मनीत आहे, मी सांगलीत. महिन्यातून एकदा अजून खेळतो आणि ती रात्र अजून निघते. पैसे जमिनीवर टाकता येणं, एवढी एक सोय कुणीतरी खेळात घातली म्हणून हे घडलं.

मंद होणाऱ्या वेळेबद्दलही सांगायला हवं. मारामारीच्या भरात मध्येच वेळ संथ होतो, रंग फिके पडतात, गोळी सुटताना दिसते. एकट्यानं खेळायच्या खेळात हे तेव्हा जुनं झालं होतं. इथे ते सहाही जणांना एकाच क्षणी होतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी अचूक गोळी मारतो आणि त्याचा थांबलेला क्षण तुम्हालाही मिळतो. आम्ही सहाही जण त्या क्षणी गप्प व्हायचो आणि वेळ पूर्ववत झाला की एकदम ओरडायचो. शेजारच्या खोलीतली मुलं दारावर थापा मारायची.

एवढं कौतुक केलं. आता दोष सांगतो, आणि तेही हातचं न राखता.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष पातळ्यांचा. खेळात डॉक्टर, नेमबाज, कमांडो, आग लावणारा अशा भूमिका आहेत आणि प्रत्येकीच्या पातळ्या आहेत. शेवटच्या, सहाव्या पातळीला जायला डॉक्टरनं सोबत्यांची एक लाख गुणांची तब्येत सुधारलेली असावी लागते. कमांडोला ५५ लाख गुणांची इजा करावी लागते. हे आकडे गाठता गाठता आठवडे नव्हे, महिने जातात. त्यात सहाव्या पातळीवरचा माणूस सामना सुरू होतानाच चांगलं हत्यार घेऊन उतरतो, त्याच्या भूमिकेच्या बंदुका त्याला घसघशीत सवलतीत मिळतात आणि त्याची गोळीही जास्त लागते. नव्या माणसाच्या हातात पिस्तूल. म्हणजे ज्याला खेळ येतो त्याला तो सोपा आणि ज्याला येत नाही त्याला अवघड.

याचा परिणाम काय झाला तो नीट पाहा, कारण इथे खेळाच्या रचनेनं स्वतःच्याच सर्वांत सुंदर भागावर घाव घातला आहे. शॉटगन वापरणाऱ्या 'सपोर्ट' या भूमिकेला पातळी वाढवायला दारांचं वेल्डिंगही मोजून करावं लागतं. मग लोक काय करतात? शेवटचा एक लुळापांगळा झेड जिवंत ठेवतात आणि एकच दार बंद करतात, उघडतात, बंद करतात, उघडतात. डॉक्टर सोबत्याला जखम व्हायची वाट बघत बसतो. ज्या सुईमुळे माणसं एकमेकांकडे धावत जायची, ती सुई हिशेबाची वही झाली. पैसे नाहीत म्हणून चेहरे लाकडी राहिले, हे खेळणारा समजून घेतो. पण पाच नकाशांचा खेळ महिनोन् महिने पुरावा म्हणून त्याच्या आयुष्यातले तास आकड्यांनी बांधून ठेवणं, ही काटकसर वेगळी. या काटकसरीचा खर्च खेळाडूच्या अंगावर पडतो.

माझ्या चुलतभावाच्या खेळातही शंभर पातळ्यांची यादी तयार आहे. पहिली बंदूक तयार व्हायच्या आधीच.

दुसरा दोष शेवटाचा. पॅट्रिआर्क पहिल्यांदा भेटतो तेव्हा घाम फुटतो. एका हाताच्या जागी मशीनगन आणि रॉकेट, मध्येच अदृश्य होतो, मार बसला की पळून जाऊन स्वतःला सुई टोचून परत येतो. आपण वापरतो तीच युक्ती शत्रूनं आपल्यावर वापरावी, ही कल्पना मला फार आवडते. पण प्रत्येक सामन्याचा शेवट तोच. विसाव्या वेळी त्याची सुरुवातीची वाक्यं सुरू झाली की आमच्यातला एखादा पाणी प्यायला उठायचा. आणखी एक-दोन वेगळे शेवट हवे होते. एखादा नकाशा कमी केला असता तरी चाललं असतं, पण हे हवंच होतं.

तिसरा दोष स्त्रियांबद्दलचा, आणि मुलींनो, हा मला तुमच्यासाठी ठळक लिहायचा आहे. खेळ आला तेव्हा खेळता येण्याजोग्या पात्रांत एकही बाई नव्हती. सैनिक पुरुष, पोलीस पुरुष. बाई होती ती दुकानदारीण, तंग पोशाखातली, आणि तिच्या तोंडी तीच ती चावट वाक्यं, प्रत्येक लाटेनंतर, दहा-दहा वेळा. आमच्या कॉलेजमधल्या दोघी मैत्रिणी एकदा खेळायला बसल्या, तासाभरात उठून गेल्या. त्यांची नेमबाजी माझ्याहून चांगली होती. पुढे स्त्रीपात्रं आली, पण त्या दोघी परत आल्या नाहीत. इथे बजेटची सबब मला मान्य नाही. दुकानदारणीला साधी, दमलेली, घाईत असलेली बाई करायला जास्त पैसे लागले नसते.

बाकी बारीकसारीक दोष आहेत, ते लवकर सांगतो. एकट्यानं खेळलात तर खेळ निम्माही उरत नाही, कारण सुई कुणाला टोचणार आणि पैसे कुणाला देणार? नव्या माणसाला काहीच नीट शिकवलेलं नाही. चाकू हातात घेतला तर वेगानं पळता येतं, ही जीव वाचवणारी गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून कळली. आणि वीस-तीस झेड दारात दाटले की त्यांची शरीरं एकमेकांच्या आरपार जातात.

तरीही हा खेळ वर्षानुवर्षं जिवंत राहिला. त्याचं कारण ट्रिपवायरनं खेळाची साधनं लोकांच्या हाती दिली. नकाशे बनवायचं साधन खेळासोबतच होतं, आणि स्वतः मॉडमधून वर आलेल्या माणसांना त्याचं मोल माहीत होतं. लोकांनी नकाशे बनवले, त्यांतले काही पुढे अधिकृत खेळात आले. २०१० च्या नाताळात त्यांनी झेडना नाताळचे कपडे चढवले. क्लॉट झाले सांताचे एल्फ, गोरफास्ट झाला आल्याच्या बिस्किटाचा माणूस, पॅट्रिआर्क झाला खुद्द सांताक्लॉज. चाल तीच, खोडी त्याच, वरचं कातडं बदललं. खर्च मर्यादित, पण महिनाभर आम्हाला तो नवा खेळ वाटला. अशी भर वर्षानुवर्षं फुकट पडत राहिली. विकत घ्यायच्या त्या बहुतेक वेळा पात्रांच्या वेशभूषा. पुढे पुढे काही बंदुकाही विकायला काढल्या, ते मला रुचलं नाही.

पैसे आल्यावर काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. किलिंग फ्लोर २ आधी एप्रिल २०१५ मध्ये अपुऱ्या अवस्थेत आणि मग नोव्हेंबर २०१६ मध्ये पूर्ण रूपात आला. बंदुका आणखी देखण्या, रक्तमांस आणखी तपशिलात, पॅट्रिआर्कसारखे शेवटचे शत्रूही एकाहून जास्त. दुसऱ्या दोषाला उत्तर मिळालं. पण खेळ अजून अपुरा असतानाच, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्यात पैसे देऊन वस्तू घ्यायचं दुकान उघडलं गेलं आणि खेळणाऱ्यांचा मोठा संताप झाला. मला तो संताप रास्त वाटतो. किलिंग फ्लोर ३ जुलै २०२५ मध्ये आला, किंमत ३९.९९ डॉलर, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. मार्चमध्ये येणार होता. त्याआधीच्या चाचणीत खेळणाऱ्यांनी ज्यावर तक्रारी केल्या त्यांत एक होती भूमिका ठरावीक पात्रांना बांधून टाकल्याची. तारीख पुढे गेली. चित्र आता नव्या जमान्याचं आहे. पण आमचा सहा जणांचा गट महिन्यातून एकदा बसतो तो अजून २००९ च्या खेळावर.

आता आपल्याकडचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा खेळ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते जमले नाहीत. खचून न जाता त्यांनी काम चालू ठेवलं आणि २०२० मध्ये खेळ जगभर आला. त्यातली चित्रं, ते महाल, तो रंग पाहून मला अभिमान वाटला. पण लढाईत मात्र हात लवकर दमला. मी हे दोष काढायला लिहीत नाही. त्या मंडळींनी जी वाट पाडली ती फार मोठी आहे. पण आपल्याकडे पैसा आधी डोळ्याला दिसेल तिकडे जातो, हे मला राजीत दिसलं आणि माझ्या चुलतभावाच्या पावसातही दिसलं.

ट्रिपवायरला इंजिनाचा परवाना मिळवायला स्पर्धा जिंकावी लागली होती. तुम्हाला अनरियल आज फुकट उघडता येतं. खेळानं दहा लाख डॉलरची कमाई ओलांडली की मगच वरच्या रकमेवर पाच टक्के द्यायचे. त्यामुळे साधन नाही ही अडचण आता उरलेली नाही. उरला आहे तो तुमच्या खिशातल्या चार-पाच लाखांचा आणि वर्षभराच्या वेळाचा हिशेब. तो करायला बसाल तेव्हा एका कागदावर लिहा: माझ्या खेळात खेळाडू कोणतं काम सर्वांत जास्त वेळा करणार आहे? निम्मा पैसा आणि निम्मा वेळ तिथे ठेवा. मग लिहा: एका खेळाडूला दुसऱ्यासाठी काय करता येईल? त्यावर पैसा फार लागणार नाही, विचार लागेल. पातळ्यांची यादी सर्वांत शेवटी. आणि ती लिहिताना, नोकरीवरून रात्री नऊला घरी येणारा, हातात दीड तास असलेला माणूस समोर ठेवा. आता मी तसाच आहे.

परवा चुलतभावानं नवी आवृत्ती पाठवली. जंगल तेच आहे, पाऊस काढून टाकला आहे. बंदुकीचा खटका मागे ओढतानाचा आवाज त्यानं आमच्या गावच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या कडीचा घेतला आहे. आजोबांची ट्रंक, लहानपणी आम्ही दोघं चोरून उघडायचो ती. मी पहिल्या वीस मिनिटांत एकही प्रेत मारलं नाही, नुसता खटका ओढत बसलो.

सुई अजून नाही. ती पुढच्या महिन्यात येईल म्हणतो. तुमच्यातल्या कुणाचा असा अर्धामुर्धा खेळ तयार असेल तर पाठवा. आम्ही सहा जण आहोत, पहिला शनिवार मोकळा असतो, आणि जर्मनीतल्या मित्राचा लॅपटॉप आता चांगला आहे.

तुमचा,
सांगलीचा एक खेळाडू